गारपिटीनंतरचं वावर

‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ या अमेरिकन कौटुंबिक मालिकेतला ‘हंड्रेड माइल वॉक’ हा एपिसोड सप्टेंबर १९७४ मध्ये एनबीसी वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. पहिल्या हंगामातला हा तिसरा भाग. मिनेसोटा राज्यातल्या वॉलनट ग्रोव्ह गावात चार्ल्स इंगल्सचा गहू कापणीला आलेला आहे. पीक जोमदार आहे, घरात पुढच्या दिवसांची बोलणी सुरू झाली आहेत, आणि गारा पडतात. उभं वावर आडवं होतं. गावातल्या बहुतेकांची तीच गत झाल्यामुळे पुरुष गठुडं बांधतात आणि कामाच्या शोधात पायी निघतात. चार्ल्सला लांब एका दगडाच्या खाणीत सुरुंगाचं काम मिळतं. काम जिवावरचं आहे. त्याच्याबरोबर राबणारा एक सोबती तिथे स्फोटात मरतो. इकडे त्याची बायको कॅरोलाइन गावातल्या बायांना एकत्र करते आणि पडलेल्या गव्हातून जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायला त्या वावरात उतरतात.

पुढच्या पानांत हा एपिसोड प्रसंगवार मराठीत सांगितला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या गावांत, शाळेच्या वर्गात किंवा समाजमंदिरात पडदा लावून जे तो पाहतील, त्यांच्या हाती असावी म्हणून ही पुस्तिका. पन्नास वर्षांपूर्वीची, सात समुद्रापलीकडची गोष्ट देवळी-आर्वीच्या माणसांपुढे कशासाठी ठेवायची, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. पीक बुडाल्यावर घरात उरलेल्या बाया काय करतात, हे या एपिसोडनं पुरुषाच्या पायपिटीइतकंच महत्त्वाचं मानलं आहे. आपल्याकडे नापिकीवर इतकं लिहिलं-बोललं गेलं, पण त्या दुसऱ्या अर्ध्या गोष्टीकडे आपण अजून धड पाहिलेलं नाही.

मालिका ज्या पुस्तकांवर बेतली, ती लॉरा इंगल्स वाइल्डर यांची. लॉराचा जन्म १८६७ चा. त्यांचं पहिलं पुस्तक निघालं १९३२ साली, म्हणजे वयाच्या पासष्टीत, आणि तेही महामंदीनं अमेरिकेतली शेतकरी कुटुंबं देशोधडीला लागत असताना. वॉलनट ग्रोव्हजवळच्या ओढ्याकाठच्या दिवसांवरचं ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’ १९३७ मध्ये आलं. मालिका १९८३ पर्यंत चालली; चार्ल्सची भूमिका मायकल लँडन यांनी केली, कॅरोलाइनची कॅरेन ग्रासल यांनी आणि छोट्या लॉराची मेलिसा गिल्बर्ट यांनी. चित्रीकरण कॅलिफोर्नियातलं, त्यामुळे पडद्यावरच्या टेकड्या मिनेसोटाच्या नाहीत. एवढी माहिती पुरे.

वर्ध्याच्या वाचकाला अधिक जवळची वाटेल ती १८६२ या सालाची गोष्ट. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेत ‘होमस्टेड’ कायदा झाला. पाच वर्षं जमिनीवर राहून ती कसणाऱ्या कुटुंबाला जवळजवळ फुकट १६० एकर मिळणार होते. याच १८६२ मध्ये इंग्रजांनी नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढून वर्धा जिल्हा केला. कारण कापूस. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं अडली होती, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडून बसल्या होत्या, आणि हिंगणघाटच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला होता. जिल्ह्याचं ठाणं आधी पुलगावजवळ कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवलं गेलं. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. म्हणजे वर्धा हे सरकारी आखणीनं, रुळाच्या कडेला, माल बाहेर नेण्यासाठी वसवलेलं गाव आहे. अमेरिकेच्या त्या माळरानावरची गावंही रुळाच्या कडेनंच वाढली. दोन्हीकडच्या शेतकऱ्यानं घरच्या खाण्यापेक्षा बाजारासाठी पेरायला सुरुवात केली, आणि त्याच्या मालाचा भाव त्यानं कधी न पाहिलेल्या शहरात ठरू लागला. अमेरिकेतलं युद्ध संपलं तसा इकडचा भाव कोसळला. आज न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस हलला की हिंगणघाटच्या बाजार समितीत त्याची चर्चा होते, याची मुळं तिथपर्यंत जातात.

पण याच सालाची तिसरी एक गोष्ट आहे आणि ती मालिका फारशी सांगत नाही. १८६२ च्या उन्हाळ्यात मिनेसोटातल्या डाकोटा लोकांवर उपासमारीची पाळी आली. तहांमधून त्यांची जमीन आकसत गेली होती आणि तिच्या मोबदल्याची रक्कम वेळेवर आली नव्हती. त्यातून युद्ध पेटलं. ते चिरडल्यावर २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो गावात ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली, आणि पुढच्या वर्षी उरलेल्यांना राज्याबाहेर घालवलं. मालिकेत मँकेटोचं नाव वारंवार येतं. माल पोचवायला जायचं जवळचं मोठं गाव म्हणून. चार्ल्सचा गहू ज्या मातीत उभा आहे, ती माती आधी कोणाची होती, हे पाहणाऱ्याला ठाऊक असायला हवं. त्याआधी कॅन्ससमध्ये इंगल्स कुटुंबानं झोपडं बांधलं, तेही ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर. लॉरांच्या पुस्तकांतल्या आदिवासींच्या आणि काळ्या माणसांच्या चित्रणावर अमेरिकेत बराच वाद झाला, आणि २०१८ मध्ये तिथल्या बालग्रंथपालांच्या संघटनेनं त्यांच्या नावाचा पुरस्कार दुसऱ्या नावानं द्यायला सुरुवात केली. मला ते योग्य वाटतं. पुस्तकं वाचावीतच, पण कोरी जमीन नावाची गोष्ट पृथ्वीवर कुठेच नसते हे मनाशी धरून. आपल्याकडेही बोर अभयारण्याच्या कडेची गोंड वस्ती, निम्न वर्धा प्रकल्पाच्या पाण्याखाली गेलेली गावं यांच्याकडे पाहिलं की नकाशावरच्या मोकळ्या जागेमागे काय असतं ते कळतं.

आता एपिसोडच्या पोटात शिरू.

गहू हाती येण्याआधीच त्याचे पैसे खर्ची पडलेले असणं, ही त्या कुटुंबाची खरी अडचण. पुस्तकात हे फार ठसठशीत आलं आहे. पहिल्या गव्हाच्या भरवशावर चार्ल्स उधारीवर फळ्या आणतो आणि मातीच्या घराऐवजी लाकडाचं घर बांधतो. खिडकीला काचा लावतो. मुलींना घर मिळतं, बापाला कर्ज. मग आकाशातून टोळ उतरतात. पुस्तकातली टोळधाड खरी आहे. १८७३ ते १८७७ या काळात रॉकी पर्वताकडच्या टोळांनी मिनेसोटा उजाड केला होता. एपिसोडमध्ये टोळांच्या जागी गारा आल्या, हिशेब तोच राहिला. कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर उचललेल्या, बँकेचं पीककर्ज थकल्यामुळे सावकाराकडे किंवा बचत गटाकडे वळलेल्या कास्तकाराला हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. २०१७ मध्ये बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तेव्हा, २०२३ मध्ये येलो मोझॅकनं सोयाबीन पिवळं पडलं तेव्हा, घरोघरी हाच हिशेब मांडला गेला. टोळधाडही आपण पाहिली आहे: २०२० च्या मे महिन्यात, लॉकडाउनमध्ये, ती अमरावतीकडून आष्टी तालुक्यात उतरली आणि संत्र्याच्या बागांतून लोक थाळ्या बडवत, धूर करत धावले. आणि फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीनंतर हरभऱ्याचं वावर कसं दिसत होतं, ते अनेकांच्या डोळ्यांपुढे आहे. घाटे फुटून दाणे चिखलात बसलेले, गहू एकाच दिशेनं लोळलेला, आणि धुऱ्यावरच्या पळसाला एक फूल नाही.

एपिसोडच्या नावातले शंभर मैल म्हणजे साधारण १६० किलोमीटर. वर्ध्याहून नागपूरला पायी जावं आणि पायीच परत यावं, तर जवळपास तेवढं अंतर भरतं. पुस्तकातला चार्ल्स फाटक्या, ठिगळ लावलेल्या बुटांनी निघतो, कारण नव्या बुटांसाठी जपलेले पैसे त्यानं गावातल्या चर्चच्या घंटेला दिलेले असतात. लिहिणाऱ्या मुलीनं साठ वर्षं ही गोष्ट मनात ठेवली होती. आपल्याकडचा गडी आज बसनं किंवा दुचाकीवरून जातो: बुटीबोरीच्या कारखान्यात, नागपूरच्या बांधकामावर, गिट्टीच्या खदानीवर, पुण्याला सुरक्षारक्षक म्हणून. चार्ल्सच्या खाणकामाचं चित्रण मला एपिसोडमधलं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. शेतकऱ्याच्या अंगातलं सगळं कसब तिथे कुचकामी ठरतं. मातीचा वास घेऊन वाफसा ओळखणारा माणूस खाणीत नवखा मजूर असतो, आणि नवख्या मजुराच्या वाट्याला धोका आधी येतो.

कॅरोलाइनकडे पाहा. ती नवऱ्याला अडवत नाही, रडून घर डोक्यावर घेत नाही. गारपिटीनं सगळं नेलं असं पुरुषांनी ठरवलेलं असतं. ती वावरात जाऊन बघते. लोळलेल्या पिकातही काही ओंब्या धरून असतात. एकटीच्या हातून ते होणार नाही हेही तिला कळतं, म्हणून ती शेजारणींकडे जाते. मग आज हिच्या, उद्या तिच्या अशा त्या साऱ्या मिळून राबतात. सावड आपल्याला नवी नाही. निंदणाला, सोंगणीला, हळदीला बाया आजही सावडीनं जातात. नवीन आहे ते एवढंच, की कॅमेरा त्यांच्याकडे वळला आणि तिथे थांबला. वाकलेल्या पाठी, हातांचे फोड, एकीनं दम टाकला की दुसरीनं तिची ओळ धरणं, हे सारं त्याने दाखवलं.

आमच्या भागातल्या कापूस वेचणीकडे कोणी असं थांबून पाहिलं आहे का? दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीला वावरात सीतादही होतं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून पांढरं सोनं घरात येतं, तिथपर्यंतची चित्रं छापून येतात. त्यानंतर चार महिने काय चालतं? सकाळी दव सुकायच्या आत बाया वावरात पोचतात. कमरेला ओटी बांधलेली. तीन बोटांनी बोंडातला कापूस ओढायचा, पाकळी लागू द्यायची नाही, पाचोळा येऊ द्यायचा नाही. बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी लागतात. नखाच्या कडेला चिरा पडतात, त्यात पऱ्हाटीवरच्या औषधाची आग. अंगात नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा. ओटी भरली की धुऱ्यावर गाठोड्यात रिकामी करायची. संध्याकाळी काटा लागतो आणि किलोप्रमाणे मजुरी ठरते. अवकाळी पाऊस आला तर भिजलेला, पिवळट पडलेला कापूस वेगळा करायचा, घरी अंगणात वाळवायचा, कवडी हातानं सोडवत रात्री बसायचं. पीक गेलं असं आपण म्हणतो, तेव्हाही ते पूर्ण गेलेलं नसतं. गेलेल्यातून उरलेलं वेगळं काढण्याचं काम असतं, आणि ते बायांचं असतं. त्या कामाला मजुरीचा दर नाही, कुठल्या रजिस्टरात नोंदही नाही.

पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक येतात तेव्हा सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाची सही घेतात. बहुतेक घरांत ते नाव पुरुषाचं असतं. मदत जमा होते ती त्याच्या खात्यात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं १९८०च्या दशकाच्या शेवटी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, नवऱ्यानं स्वखुशीनं बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्यावा म्हणून, आणि विदर्भ-खानदेशातल्या कितीतरी गावांनी ती उचलली. पुढे १९९२ मध्ये सरकारनं त्याच नावाची योजना आणली. सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावणं त्यातून सोपं झालं. चळवळीचा तो जोर टिकला असता तर पुढच्या वीस वर्षांत वर्ध्या-यवतमाळच्या घरांत शेतकरी आत्महत्यांमुळे जे ओढवलं त्याचं ओझं थोडं तरी हलकं झालं असतं, असं माझं ठाम मत आहे. कारण नवरा गेल्यावर जमीन नावावर करून घेण्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाया या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत वर्धा होता. आत्महत्येच्या प्रत्येक घरात सरकारी चौकशी होते आणि मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. पात्र ठरला तर एक लाख. ज्या बाईनं त्याच्या बरोबरीनं वखरलं, निंदलं, वेचलं, ती या सगळ्या कागदांत फक्त वारस असते. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना तिला शेतकरी म्हणून ओळख मिळावी यासाठी झगडत आहेत, आणि ही पुस्तिका वाचणाऱ्या प्रत्येकानं ते काम समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मराठी पडद्यानं हे कधीच पाहिलं नाही असं मात्र नाही. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ चा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलका नावाची बाई धास्तावते आणि आपल्या नवऱ्यावर नजर ठेवायला लहान मुलाला त्याच्या मागे लावते. सोनाली कुलकर्णी यांनी ती अलका अशी उभी केली की तिचं हसणंसुद्धा पहारा वाटतं. तो सिनेमा आणि हा एपिसोड एकापाठोपाठ दाखवता आले तर जरूर दाखवावेत. रोजच्या मालिकांचं चित्र वेगळं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’नं नागपुरी बोली घराघरांत नेली, ‘तुझ्यात जीव रंगला’नं कोल्हापूरची तालीम आणि वाडा नेला, पण गावातलं घर दाखवताना त्या घराची उधारी, खताचं पोतं, थकलेलं वीजबिल दिसत नाही. ‘आमची माती, आमची माणसं’मध्ये शेती होती, कुटुंब नव्हतं. कौटुंबिक मालिकांत कुटुंब आहे, शेती नाही. लँडन यांच्या मालिकेनं दोन्ही एकाच छपराखाली ठेवलं. आई-बाप रात्री दिव्याशी बसून पैसे मोजतात आणि माळ्यावर झोपलेल्या मुली ऐकत असतात, हा असल्या मालिकेचा कणा आहे.

एपिसोडची कमजोरीही सांगितली पाहिजे. पन्नास मिनिटांत त्याला सगळं मार्गी लावायचं असतं. गारा पडल्या, बाप गेला, बायांनी पीक वाचवलं, बाप परतला. पडद्यावरचं इंगल्स कुटुंब वॉलनट ग्रोव्हमध्ये वर्षानुवर्षं टिकलं. खरं कुटुंब टिकलं नाही. टोळांनी लागोपाठ पीक नेलं. १८७५ च्या अखेरीस सरकारी मदतीची पिठाची पिंपं मिळवण्यासाठी चार्ल्स इंगल्स यांना आपण पूर्ण निर्धन आहोत असं लिहून सही करावी लागली. लॉरांनी हा प्रसंग पुस्तकात घेतला नाही. बापाची ती सही मुलीला लिहवली नसावी. १८७६ मध्ये त्यांनी वॉलनट ग्रोव्ह सोडलं, वाटेत तान्हा मुलगा गेला, आणि आयोवातल्या एका हॉटेलात पडेल ते काम करत त्यांनी दिवस काढले. वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावानं २००५-०६ च्या हंगामात ‘गाव विकणे आहे’ अशी पाटी लावली, तेव्हा त्या गावापुढेही हाच प्रश्न होता: हात कितीही राबले तरी हिशेब जुळत नसेल तर माणसानं कुठवर राबायचं? कॅरोलाइनचं धैर्य मोठं आहे, पण भावाचं, विम्याचं, कर्जाचं काम बायांच्या धैर्यावर टाकून कोणाला मोकळं होता येणार नाही. एपिसोड पाहून ‘बघा, हिंमत असली की सगळं होतं’ असं कोणी व्यासपीठावरून म्हणू लागलं, तर त्याला चार्ल्सच्या त्या सहीची गोष्ट सांगावी.

दाखवणाऱ्यांसाठी दोन सूचना. एपिसोड इंग्रजीत आहे, म्हणून आधी पुस्तिकेतलं कथन कोणीतरी मोठ्यानं वाचावं, शक्य तर गावच्या बोलीत, आणि मगच पडदा सुरू करावा. मध्येच थांबवायचा असेल तर खाणीच्या प्रसंगावर थांबवू नये. बाया वावरात उतरतात तिथे थांबवावा. आधी बायांना बोलू द्यावं. गेल्या गारपिटीत, गेल्या बोंडअळीत त्यांनी काय काय वेचून घरात आणलं, ते किती दिवस पुरलं, विकलं तर पैसे कोणाच्या हातात आले, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्यावं. शेवटची आठ पानं त्यासाठी कोरी सोडली आहेत. शाळकरी मुलींपैकी ज्यांचं अक्षर चांगलं असेल त्यांनी ते लिहून घ्यावं, सांगणारीचं नाव तिला हवं असेल तरच घालावं, आणि प्रत एक शाळेत, एक ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी.